घेवड्याच्या अकरा बिया

...आणि वर मलाच म्हणतात, "तुझ्यामुळे झालं!" माझ्यामुळे? एकटीच्या? अहो, चार जणांनी मिळून घातलेला घोळ तो, पण घरात काही बिघडलं की माना पहिल्यांदा माझ्याकडे वळतात, कारण माझा चेहराच तसा आहे, आधीच गुन्हा कबूल केल्यासारखा. शाळेत कोणाची पेन्सिल हरवली की बाई मलाच उभं करायच्या, आणि मी उभी राहिले की रडायचे, आणि रडले म्हणजे मीच घेतली असणार, झालं!... तर तुम्हाला सांगते, सगळं सांगते, पहिल्यापासून सांगते, फक्त एक करा. आईला सांगू नका. म्हणजे आईला आता सगळं ठाऊक आहे, पण तरीही नका सांगू. जिभेला वळण पडलंय, दुसरं काय.

बाबा गेल्या वर्षी गेले. वजनकाटे दुरुस्त करायचे ते, दुकानादुकानांतले. दिवसभर दुसऱ्यांचे तराजू सरळ करायचे आणि संध्याकाळी घरी आले की चहासुद्धा न घेता मागच्या परसात जायचे, का, तर घेवडा बघायला. तीस वर्षं एकच घेवडा! कुठल्याशा गोदामाच्या पहारेकऱ्याने त्यांना मूठभर बी दिलं होतं. तो पहारेकरी कधीच गेला, गोदाम पाडलं, तिथे आता गाड्या लावतात, पण घेवडा आमच्या परसात दरवर्षी भिंतीवर चढायचा. तपकिरी दाणा, पोटाशी पांढरा ठिपका, आणि वेलाचा देठ जमिनीलगत जांभळा. बाजारात असला मिळत नाही, मी विचारून आलेय, तीन ठिकाणी. आणि बाबांचे नियम! बी भिजवायचं नाही, कोरडंच टोचायचं. सकाळी टोचायचं, पाणी मात्र संध्याकाळी. आणि दुसऱ्या जातीचा घेवडा कुंपणाच्या आत येऊ द्यायचा नाही, "मिसळतो गं, आणि एकदा मिसळला की आपला कुठला ते देवालाही सांगता यायचं नाही."

गेल्या वर्षी शेंगा धरल्या तेव्हा आम्ही सगळे हॉस्पिटलच्या बाकावर होतो. महिना सव्वा महिना. कोणाला आठवणार घेवडा? घरी आलो तेव्हा वेल जागच्या जागी वाळलेले, शेंगा काळ्या, आत बुरशी. आणि बाबा... बाबा घरी आलेच नाहीत.

राहिल्या त्याच्या आदल्या वर्षीच्या अकरा बिया. डोळ्यांत घालायच्या थेंबांचं एक रिकामं खोकं होतं, त्यात. वर बाबांच्या अक्षरात नुसतं "अकरा" लिहिलेलं. ते मी रोपवाटिकेत घेऊन गेले, तर रोपवाटिकेवाल्याने एक दाणा उजेडात धरला, फिरवला, आणि एवढ्या शांतपणे म्हणाला, जसं काही सुट्टे मागतोय, "ताई, यंदा घाला. अजून एक वर्ष ठेवलंत तर दाणे नव्हेत हे, खडे."

मी दचकले. मी कशानेही दचकते हो, पण याने जरा जास्त दचकले.

कारण घरात काय चाललं होतं माहितीये? आई स्वयंपाक करायची, कपडे वाळत घालायची, आल्यागेल्याशी बोलायची, सगळं नीट, कोणाला शंका येणार नाही असं. फक्त मागचं दार उघडायची नाही. कपडे पुढच्या गॅलरीत, झाडू पुढच्या दारामागे, कचऱ्याची बादलीसुद्धा पुढे आली. सहा महिने त्या दाराची कडी कोणी काढली नव्हती. थंडी सरली, उन्हं कोवळी झाली, शेजारी लोक वाफे खणायला लागले, आणि आमच्या परसात गवत माझ्या गुडघ्याएवढं!

तेव्हा आम्ही ठरवलं, बिया यंदाच घालायच्या, आणि बाजूच्या बोळातून परसात शिरलो. आम्ही म्हणजे दादा, वहिनी, आत्या आणि मी. दादा गाडी शिकवतो, मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, त्यामुळे त्याच्याबरोबर काहीही करायचं म्हणजे आपण शिकाऊ उमेदवार. "कुदळ दोन्ही हातांनी धर. दोन्ही! आता हळूहळू... मागे कोण आहे बघितलंस? आधी मागे बघायचं, मग उचलायची!" वहिनी रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये आहे, तिने अकरा खड्ड्यांना अकरा चिठ्ठ्या लावल्या, नंबर, तारीख, वेळ. मी म्हटलं, "वहिनी, उपाशीपोटी की जेवणानंतर तेही लिही." तर तिने लिहायला पेन उघडलं हो! आणि आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, खुर्चीत काठी घेऊन बसलेली, "तो खड्डा वाकडा आहे. माझा भाऊ असता तर म्हणाला असता, वाकडा आहे." आत्या, खड्डा वाकडा कसा असेल? गोल आहे तो!

आणि मग मागच्या दारात आई आली. उंबऱ्याच्या आतच थांबली. हातात खोकं, जे तिच्याकडे मागायचा आम्हाला धीर झाला नव्हता. आम्ही सगळे जिथल्या तिथे, दादाची कुदळ वरच्या वर. आईने हात पुढे केला, मी खोकं घेतलं, ती म्हणाली, "घाला." एवढंच. आम्ही एकेक बी टोचली, वर माती सारली, मी मागे बघितलं तर दारात कोणी नव्हतं. पण दार उघडं होतं. तुम्हाला सांगते, त्या उघड्या दाराकडे बघून दादा खाली वाकला आणि उगाच बुटाची नाडी बांधत बसला. त्याने चपला घातल्या होत्या.

तर सगळं त्या अकरा बियांवर आलं. त्या उगवल्या तर आई पायरी उतरेल. नाही उगवल्या तर बाबांचा घेवडा संपला, आणि आई मागचं दार पुन्हा लावून घेणार.

"आठ दिवस लागतील," रोपवाटिकेवाला म्हणाला होता. आठ दिवस! मला पोस्टाचं पत्र आलं तरी आधी पाकीट उजेडात धरून बघायची सवय, दुधावरचं झाकण मी तीनदा उचलते, आणि हा म्हणतो आठ दिवस मातीकडे बघत बसा! पहिला दिवस बसले. दुसरा दिवस बसले. तिसऱ्या दिवशी स्वतःला बजावलं, एम.ए. झालेली बाई आहेस, जरा धीर धर. चौथ्या दिवशी दुपारी सगळे झोपलेले, मी हळूच तीन नंबरच्या खड्ड्यापाशी बसले आणि एका बोटाने, फक्त एका बोटाने हो, जराशी माती बाजूला केली. होती! फुगलेली, टम्म, आणि टोकाला पांढरं, इवलंसं, मिठाच्या खड्याएवढं मूळ! रंग जरा उतरलेला वाटला, म्हटलं भिजून उतरला असेल. मी तिला बोटावर घेतलं, म्हटलं बाबा बघा, आलं... आणि शेजाऱ्यांच्या कुकरची शिट्टी झाली.

दचकले मी! मोडलं ते. मूळ एकीकडे, दाणा एकीकडे.

आता तुम्ही काय केलं असतं? नाही, खरंच सांगा. मी तिथे मातीत बसून किती वेळ ते दोन तुकडे जुळवत होते, जसं काही कपाचा कान आहे, चिकटेल. मग उठले, पाय धुतले, रोपवाटिकेत गेले, घेवड्याच्या बियांचं एक पाकीट घेतलं आणि तीन नंबरमध्ये एक बी टोचली. मग मनात आलं, चार नंबरवर माझा गुडघा पडला असेल तर? तिथे एक. पाचावर सावली पडली असेल... असं करत करत सगळीकडे एकेक. सोबतीला! निघताना रोपवाटिकेवाल्याला बजावूनही आले होते, "हे आमच्या आईला सांगू नका."

तो माझ्याकडे असा बघत राहिला. असा. मला वाटलं, माझ्या चेहऱ्यामुळे.

नवव्या दिवशी उगवलं. आणि कसं उगवलं! वहिनी ओरडली, आम्ही धावत गेलो, तर एक नंबरमध्ये दोन कोंब, दोनमध्ये तीन, सातमध्ये चार! वहिनीने चिठ्ठीच्या पाठीवर मोजदाद केली, एकोणतीस. अकरा बियांना एकोणतीस! आत्या काठी टेकत आली आणि ती आपटून म्हणाली, "बघा माझ्या भावाचं बी! एकेकाला तीन तीन!" पण सांगते, काठी तिने जरा जास्तच जोरात आपटली. दादा आभाळाकडे बघत होता. वहिनी पेनाचं टोपण उघडत होती, लावत होती, उघडत होती. मला वाटलं, ओळखलं यांनी, सगळ्यांनी ओळखलं, आता मला उभं करणार. मी म्हटलं, "मी जरा दोरी घेऊन येते, वेल बांधायला," आणि पळाले.

दोरी रोपवाटिकेतच मिळते.

"या," रोपवाटिकेवाला म्हणाला. "आता पाचवं पाकीट का?"

"पाचवं कसं? मी एकच नेलं होतं."

"तुम्ही एक. त्याच्या आदल्या दिवशी तुमचे भाऊ, ते ड्रायव्हिंगवाले. तुमच्या नंतर त्यांच्या बाईसाहेब, बियांची तारीख विचारत होत्या, मुदत विचारत होत्या, कंटाळलो मी. आणि शनिवारी त्या काठीवाल्या आजी. शेती घेतलीत का कुठे? आणि एक विचारू का ताई, राग मानू नका... तुमच्या आई असतात तरी कशा? चौघंही जाताना मला दम देऊन गेलात, आईला सांगू नका, आईला सांगू नका. मी त्या बाईंना ओळखतसुद्धा नाही हो! रात्री माझी बायको विचारते, आज काय विशेष, तर माझ्या तोंडून निघालं, आईला सांगू नका. माझी आई तिथेच बसलेली!"

मी घरी आले आणि तिघांना परसात बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्यांना उभं केलं! तर काय एकेक. दादाने स्कूटर मागे घेतली, मागे न बघता! वीस वर्षं लोकांना "मागे बघा, मागे बघा" सांगणारा माणूस, त्याने एक नंबरपासून चार नंबरपर्यंत चाक नेलं. "अगं भागूबाई, फोन आला होता मला!" म्हणे. वहिनीने दिवसातून दोनदा मापाने पाणी घातलं, आणि मग तिला कळलं की दादाही घालतोय, आणि आत्याही, आणि मीही, म्हणजे बी कुजलंच असणार. आणि आत्या पाखरं हाकायला बसली होती, तिचा डोळा लागला, जागी झाली तर दोन साळुंक्या वाफ्यात चालत होत्या, "अशा आरामात, माहेरपणाला आल्यासारख्या." आणि प्रत्येकाचं शेवटचं वाक्य एकच. आईला सांगू नकोस. आईंना नको सांगू या. तुझ्या आईला कळता कामा नये.

मग हसू यायला हवं होतं ना? आलंही, दादाला आलं, अर्धंच. कारण तेवढ्यात मला देठ आठवले. मी खाली वाकले. दादा वाकला. चौघंही वाकलो, आत्यासुद्धा, काठीवर भार देऊन. एकोणतीस कोंब, एकेक करून बघितले, बोटाने पान सारून, मातीपर्यंत.

सगळे हिरवे. एकही जांभळा नाही.

वहिनीने चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली, अकरा, दहा, नऊ, आणि सहाला थांबली. आत्या म्हणाली, "माझा लागला डोळा. मला कोणी सांगितलं होतं झोपायला?" एवढ्या बारीक आवाजात मी आत्याला कधी ऐकलं नव्हतं.

आता सांगावं लागणार होतं. स्वयंपाकघरात आई भाकऱ्या... नाही, पीठ चाळत होती. आम्ही चौघं रांगेत. आणि बोलायला लागलो तर सगळे एकदम. "आई, स्कूटर..." "आई, मापाने..." "अगं, साळुंक्या..." आणि मी रडतेय आणि म्हणतेय, "तीन नंबर मी मोडला, तीन नंबर मी," मेलेल्या माणसाची ओळख पटवावी तसं. आईने चाळणी खाली ठेवली. हात पुसले. सगळं ऐकून घेतलं, अगदी शेवटपर्यंत. मग म्हणाली, "चार पाकिटं?"

"चार," दादा म्हणाला.

ती आतल्या खोलीत गेली. कपाटाचं दार वाजलं, मी दचकले, ती परत आली आणि ओट्यावर एक रुमाल उलगडला. तपकिरी दाणे. पोटाशी पांढरा ठिपका. अकरा.

"त्याच दिवशी दुपारी काढून आणल्या मी," आई म्हणाली. "तुम्ही निजला होतात. पाणी संध्याकाळीच घालणार, हे ठाऊक होतं. त्यांच्या जागी डब्यातला घेवडा टोचला, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

म्हणजे मी मोडलं ते... आमटीचं बी होतं! आणि ज्या पायरीवरून आई उतरावी म्हणून आम्ही चौघं जीव टांगणीला लावून बसलो होतो, ती पायरी आई पहिल्याच दिवशी उतरून, काम आटपून, वर येऊन चहा करत होती!

"पण आई, का?" दादाने विचारलं.

आई दाण्यांकडेच बघत होती. "तुम्ही वर माती सारलीत ना... मला नाही बघवलं. रुमालात आहेत तोवर अकरा आहेत. मातीत गेल्या, की असतील किंवा नसतील."

मला तर शब्दन् शब्द कळला, मी दुधाचं झाकण तीनदा उचलणारी. मला वाटलं, नकोच टोचायला. राहू देत रुमालात. आपण रोज उघडून मोजू.

पण आत्या पुढे झाली. काठी ओट्याला टेकवली, एक दाणा उचलला, आणि म्हणाली, "अगं, रुमालातही मरतात त्या. आवाज होत नाही, एवढंच."

वहिनीने गॅस बारीक केला. मग आईने रुमालाची चार टोकं एकत्र धरली आणि मागच्या दाराकडे निघाली, आणि पायरीवर थांबून आमच्याकडे वळून म्हणाली, "आधी ती सगळी रोपं उपटा. यांना चालायचं नाही."

यांना चालायचं नाही. म्हणाली ती, नेहमी म्हणायची तशीच, जरा वैतागून.

उपटायला कोणाचा हात होईना, जिवंत रोपं ती. मग जुने डबे, फुटक्या बादल्या, रंगाची पिंपं, जे मिळेल त्यात लावून दादाने आणि मी गल्लीभर वाटली. आणि आईने अकरा बिया स्वतः टोचल्या. आम्हाला कुंपणाबाहेर उभं केलं. माती तिनेच सारली. सावकाश, एकेक खड्डा, आणि शेवटच्यावर हात तसाच ठेवून बसली, थोडा वेळ.

आठ दिवस झाले, नाही. दहा, नाही. मी उकरलं नाही! शपथ! हातावर हात ठेवून पायरीवर बसायचे, शेजारी आई बसायची, भाजी निवडत, आणि मध्येच म्हणायची, "बोटं आवर." बाराव्या दिवशी दादाने स्कूटर विकायची भाषा केली. चौदाव्या दिवशी आत्या गप्प झाली, म्हणजे बघा. सोळाव्या दिवशी सकाळी आईची हाक आली, साधीच, कोणी जेवायला बोलवावं तशी, "या गं सगळे."

एक. अकरातली एकच. नऊ नंबरला. देठ जांभळा.

आम्ही पाच जण त्या एका कोंबाभोवती उभे, आणि दादा म्हणतोय, "मागे सरका, सगळे मागे सरका, आधी मागे बघा," आणि स्वतः रडतोय. आई रडली नाही. तिने त्याच्याशेजारी काठी रोवली आणि म्हणाली, "वाकडी आहे का हो वन्सं?" आत्याने एक डोळा मिटून बघितलं. "जराशी."

आता तो वेल भिंतीच्या वर गेलाय. शेंगा धरल्यात, सात. पण त्यांना हात लावायचा नाही, सगळ्या बियाण्याला. तिकडे गल्लीत काय विचारता! ती एकोणतीस रोपं अशी माजलीत, घराघराच्या खिडक्यांवर घेवडा, जिन्याला घेवडा, कोणी विजेच्या खांबाला चढवलाय! त्या दिवशी समोरच्या काकू घमेलंभर शेंगा घेऊन दारात, "घ्या हो, तुम्हीच दिलेलं रोप, काय हात आहे तुमच्या घराला! आम्ही कंटाळलो खाऊन. तुमचा कसा आलाय?"

अख्खी गल्ली आमच्या चुका पोटभर खातेय, आणि जो एक बरोबर आला, त्याच्याकडे आम्ही पाच जण नुसते बघतोय. आईने घमेलं घेतलं, थँक्यू म्हटलं, आणि विळी माझ्यापुढे सरकवली.

चार दिवस झाले. निवडतेय.